निळी मिरची

तांडापेठेत रात्री अडीचला
कूलरचा पंप कोरडा खडखडतो.
उठून दोन बादल्या ओतते, परत येऊन बघते:
सत्त्याण्णव टक्के.
मघाशीही सत्त्याण्णवच होतं.

हा लॅपटॉप एका घराण्याचा, तो बोर्ड दुसऱ्या,
तळहाताएवढा, कळमन्याच्या मिरची बाजारात
पट्ट्यावर टांगायचा.
याचं बोलणं त्याला कळत नाही.
म्हणून इथं बसून, त्याच्या बोलीत,
त्याच्यासाठी डोळे घडवायचे.
कडा ओळखणारे, रंग मोजणारे,
देठ आणि काडी यांतला फरक जाणणारे डोळे.
आणि घडवले तरी
माझ्या टेबलावर ते उघडत नाहीत.

बाबा मागावर बसत, तेव्हाही असंच.
लुगडं इथं, नेसणारी बालाघाटला.
व्यापाऱ्याचा चिठोरा यायचा: नऊ वार, काठ तीन बोटं.
कुणाची बोटं, ते लिहिलेलं नसे.
बाबा आपली धरत.
एकदा अख्खी गठडी परत आली.
ती दिवाळीपर्यंत खाटेखाली होती.

मीही पहिल्या वेळी माझीच बोटं धरली.
टूलचेनला सांगायचं राहून गेलं
की हेडर शोध त्याच्या घरात, माझ्या नाही.
तिनं निमूट माझ्या फडताळातलं मीठ उचललं.
शंभर टक्के झालं, मी चहा टाकला,
आणि बोर्ड म्हणाला, हे माझ्यासाठी नाही.
दुसऱ्या वेळी
दशांश कुठल्या खिशात ठेवायचे यावरून
लिंकर रुसला.
तिसऱ्या वेळी चाललं,
पहिली चौकट पाहिली, आणि जागीच मेलं.
त्याला न येणारी आज्ञा मी दिली होती,
नव्या प्रोसेसरांना येते ती.
मग काढत गेले. व्हिडिओ काढला.
चेहरे ओळखणारं काढलं.
पडद्यावर खिडक्या उघडणारं काढलं,
कळमन्यात कोण खिडक्या उघडतंय.
अकराव्या वेळी डोळे पेनड्राइव्हवर मावले.

दुपारी बारा. सेहेचाळीस.
बोर्ड तापला की आपोआप मंदावतो,
शहाणा आहे, इथल्या माणसांसारखाच.
भागीरथाबाई निखारेंनी ओलं पोतं आणून
त्याच्या पत्र्याच्या डब्यावर टाकलं.
एकतीस वर्षं मिरची निवडतात त्या.
मूठ उचलतात, कानाशी हलवतात,
बिया कशा वाजतात त्यावरून सांगतात
किती उन्हं खाल्ली, कुठं ओल राहिली.

मी फोनवर पहिलं चित्र उघडलं.
पट्टाभर मिरच्या,
सगळ्या निळ्या.
शाईसारख्या, नवीन निळ्या, ढीगच्या ढीग,
आणि त्यांत भागीरथाबाईंचा निळा हात.

लाल आधी की निळा आधी,
कॅमेऱ्यानं एक क्रम धरला, लायब्ररीनं दुसरा.
एवढंच. एक ओळ.
मी समजावून सांगत होते
तर बाई हसून हसून पोत्यावर बसल्या.
"काऊन वं, तुया डब्याचे डोये बिघडले का?"
मग पदरानं नाक पुसत, जरा थांबून,
"ह्या डब्याले ठसका लागते का?"
नाही म्हटलं.
"मंग त्याले मिरची कशी समजन?"

मालकानं लांबून विचारलं, झालं का?
दोन माणसांचं काम करेल ना?
भागीरथाबाई उठून परत निवडायला लागल्या.
मी वायर गुंडाळत राहिले,
नको तेवढी नीट.

आता पुन्हा रात्र. ती ओळ बदलली आहे.
बांधणी बाराव्यांदा सुरू, चाळीस टक्के.
ओढणीला अजून मिरचीचा वास,
मला ठसका लागतो,
लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो,
आणि निळं चित्र
मी अजून पुसलेलं नाही.